परदेश बघताय? आधी सॅम्पल बघा

परदेशात पीएचडीला जायचं म्हटलं की आपण काय करतो? व्लॉग बघत बसतो. (मीही तासन्‌तास बघितलेत.) त्याऐवजी एकदा गॅपमाइंडरची ‘डॉलर स्ट्रीट’ उघडा. ॲना रोस्लिंग रोनलुंड यांची ही कल्पना. जगभरातली घरं एकाच रस्त्यावर, पण देशानुसार नाही, महिन्याच्या उत्पन्नानुसार: डावीकडे गरीब, उजवीकडे श्रीमंत. चूल, टूथब्रश, संडास, पलंग, हवं ते निवडा, फक्त त्याचेच फोटो येतात. चुली ओळीने बघा. देशापेक्षा उत्पन्नाचा फरक आधी डोळ्यात भरतो. फिरायला गेलेल्या माणसाच्या व्हिडिओत हे सहसा दिसत नाही, कारण तो स्वतःला आवडलेलंच दाखवतो.

पण सिलेक्शन बायस इथेही आहेच. एकेका देशातली मोजकी घरं, तीही रँडम सॅम्पलिंगने निवडलेली नाहीत. भारताचा फिल्टर लावा आणि तुमचं घर, तुमची गल्ली त्यात कुठे बसते ते शोधा. अडखळलात ना? मग नायजेरियाबद्दल तेवढ्याच फोटोंवरून छातीठोकपणे कसं बोलणार? शिवाय फोटोत गॅस सिलिंडर दिसतो, त्यामागचं अनुदान दिसत नाही.

म्हणून मी तिथून फक्त प्रश्न घेते. उत्तरांसाठी वर्ल्ड बँकेची आकडेवारी. आणि स्टायपेंडमध्ये घरभाडं भागेल का, हे कळायला त्या शहरातलं स्थानिक वर्तमानपत्र महिनाभर वाचते, गूगल ट्रान्सलेट लावून का होईना.