शिकाऱ्यांचा शिष्य

मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) सोलापूरचे. घरची भाषा तेलुगू, लेखन मराठीत. आम्हा मन्नाएखेळ्ळीकरांना त्यात काही नवल नाही. जैन घरातल्या मला खुपलं ते वेगळंच. वनखात्यातला हा अधिकारी पाखरांची नावं, सवयी शिकला त्या गोंडांकडून, पारध्यांकडून. आणि लिहिताना त्यांना उपदेश करत नाही! आमची अहिंसा पाणी गाळून पिते, पण अंगणातल्या पाखराचं नाव तिला येत नाही. यांनी तर घुबडाचं नाव, ‘चकवाचांदण’, आत्मचरित्राला दिलं. शिकाऱ्याकडून शिकलेली ही जवळीक मला पटते, जड जाते तरी. तक्रार एकच: ऐकीव आणि डोळ्यांनी पाहिलेलं ते एकाच सुरात सांगतात. रानातल्या दंतकथेला ते शोभतं. पाखराच्या नोंदीला नाही.