छोट्या पडद्यावरचा सुतार

अमेरिकेत बोस्टनच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने १९७९ साली 'धिस ओल्ड हाउस' ही मालिका सुरू केली. एक जुने घर घ्यायचे आणि ते दुरुस्त होताना टप्प्याटप्प्याने दाखवायचे, एवढाच तिचा ऐवज. तिच्यातला सुतार नॉर्म अब्राम याला १९८९ मध्ये 'द न्यू यँकी वर्कशॉप' ही स्वतंत्र मालिका मिळाली आणि ती २००९ पर्यंत चालली. या मालिकांमुळे तिकडे घरमालकाने स्वतः करवत हाती धरणे ही प्रतिष्ठेची हौस झाली. आपल्याकडे इतका टिकाऊ प्रभाव पाडणारी सुतारकामाची मालिका उभी राहिली नाही. का नाही, हा माझा प्रश्न आहे.

ठरलेले उत्तर जातीचे असते. त्रिं. ना. आत्रे यांचा 'गांव-गाडा' (१९१५) काढून पाहावा. सुतार हा बलुतेदार. कुणब्याचा नांगर, कुळव, गाडी त्याने नीट ठेवायची आणि सुगीला खळ्यावर आपला वाटा न्यायचा. घरधन्याने रंधा मारण्याचा प्रश्नच नव्हता. हे खरे, पण अर्धेच. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे त्यावरचा 'आमची माती, आमची माणसं' घरोघर पाहिला गेला. शेतीही वडिलोपार्जितच होती ना? तरी शेतकऱ्याला नवे वाण, नवी खते, ठिबक शिकवावे लागेल, हे सरकारने गृहीत धरले. त्यामागे विद्यापीठे उभी केली. आपल्याच जिल्ह्यात राहुरीला १९६८ मध्ये महात्मा फुले कृषी विद्यापीठ झाले. सुताराचे पोर मात्र बापाच्या हाताखाली शिकेल, फार तर आयटीआयला जाईल, असे धरून चालले. शेतकरी हा ज्ञानाचा ग्राहक ठरला आणि कारागीर ज्ञानाच्या हिशेबातूनच वगळला गेला. दूरदर्शनच्या शैक्षणिक इतिहासातली ही चूक मला मोठी वाटते.

ही रिकामी जागा जाहिरातीने भरली. दूरदर्शनवर जाहिराती १९७६ पासून आल्या आणि सुतारकामाशी जोडलेले सर्वांत लक्षात राहिलेले दृश्य फेविकॉलचे ठरले. हत्ती ओढतात तरी जोड सुटत नाही. फेविकॉलच्या डब्यातले दाणे टिपणाऱ्या कोंबडीचे अंडे फुटत नाही. माणसांनी लगडलेली बस खड्ड्यांतून जाते आणि एकही जण खाली पडत नाही. विनोद म्हणून यांना तोड नाही. वस्तूही खोटी नव्हती. पूर्वीचा सरस उकळावा लागे, घाण वास मारी आणि ओल लागली की सोडून देई. थंडच लावता येणारा पांढरा गोंद सुताराला वरदान वाटला यात नवल नाही. पण पाहणाऱ्याच्या मनात बसले काय? तर मजबुती डब्यात असते. कूस आणि खाच, पटाशीचा अंदाज, गुण्या लावून तपासलेला कोन, यांतले काही या लोकप्रिय जाहिरातींच्या केंद्रस्थानी आले नाही. जुना सुतार कुसावर विसंबे, कारण सरसावर विसंबता येत नव्हते. नगरच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसते, पावसाळ्यात फुगते. म्हणून चांगल्या दाराची फळी चौकटीच्या खाचेत मोकळी बसवलेली असते, चिकटवलेली नसते. हे शहाणपण पंधरा-वीस सेकंदांत कोण दाखवणार?

शिकवणाऱ्या मालिका असत्या म्हणजे सगळे चांगलेच झाले असते, असेही नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीवरचा बॅरी बकनेल जुन्या नक्षीदार, कप्प्यांच्या दारांवर सपाट हार्डबोर्ड ठोकायला सांगे. लोकांनी हौसेने ठोकले. पुढच्या पिढीने तितक्याच हौसेने उचकटले. आपण तर बकनेल नसतानाही तेच केले. कारखानदारीने ऊसपट्ट्यात पैसा आला, बंगले झाले, आणि सागवानी खांबावर प्लाय, प्लायवर सनमायका चढला. लाकडी आऱ्यांच्या, लोखंडी धावेच्या गाडीची जागा टायरगाडीने घेतली आणि बाभळीचे लाकूड ओळखणाऱ्या हाताचे कामच संपले. त्यात दूरचित्रवाणीचा दोष नाही. पण त्याच काळात मालिकांतल्या दिवाणखान्यांनी गिऱ्हाइकाची नजर घडवली. गिऱ्हाईक तयार चित्र दाखवू लागले आणि सुताराने ते प्लायमध्ये उतरवायचे, एवढेच त्याच्याकडे उरले. अमेरिकन मालिकेने प्रेक्षकाच्या हातात हत्यार दिले. आपल्या पडद्याने नमुना दिला, तोही गिऱ्हाइकाच्या हातात.

आता हौशी सुतारकामाचे व्हिडिओ मोबाइलवर हवे तितके मिळतात. ते पाहणारे दोन प्रकारचे दिसतात. एक, पुण्या-मुंबईच्या सदनिकेत शनिवार-रविवारी ड्रिल घेऊन बसणारा नोकरदार. दुसरा, सुताराचाच मुलगा, जो वडिलांनी न शिकवलेला सांधा परक्या भाषेत, आवाज बंद करून, पुन्हा पुन्हा मागे नेत पाहतो. पहिल्यासाठी आज मराठीत काहीतरी तयार होते आहे. दुसऱ्यासाठी पटाशी कशी धरावी हे त्याच्या बोलीत सांगणारा अर्ध्या तासाचा कार्यक्रम सह्याद्री वाहिनीला अजूनही करता येईल; वाकस चालवणारे म्हातारे हात गावोगाव अजून आहेत.