दुर्मिळता आणि गुणवत्ता : ब्रिटिश ‘हेवी मेटल’च्या रसिकतेविषयी काही विचार

वसईच्या किल्ल्याला लागून, खाडीच्या मुखाशी पाचूबंदर ही कोळ्यांची वस्ती आहे. किल्ल्यातील चर्चच्या भग्न मनोऱ्यांत आज घंटा नाहीत. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकल्यावर वसईच्या घंटा विजयचिन्हे म्हणून घाटावर गेल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील, १७२१ हे साल कोरलेली घंटा त्यांपैकीच एक मानली जाते. एका उपासनेसाठी ओतलेली वस्तू दुसऱ्या दैवताच्या दारी गेली. नाद तोच राहिला, अर्थ मात्र पालटला. एका समाजात जन्मलेला नाद दुसऱ्या समाजाने जिवापाड जपावा, या घटनेचे हे आपल्या इतिहासातील एक ठळक उदाहरण होय.

ब्रिटनमधील ‘हेवी मेटल’ संगीत आणि त्याचे मुंबई-वसईपर्यंत पसरलेले चाहते यांचा विचार याच दृष्टीने करणे इष्ट ठरेल. या संगीताची संभावना बहुधा दोन टोकांनी केली जाते. विरोधक त्याला गोंगाट म्हणून निकालात काढतात. चाहते त्याच्याविषयी भक्तिभावाने बोलतात. चाहत्यांतही एक वर्ग असा आहे, की ज्याला विख्यात वाद्यवृंदांपेक्षा एखादी ध्वनिमुद्रिका काढून लुप्त झालेल्या वृंदाचे आकर्षण अधिक. या उत्साहाला समीक्षेचे मोल आहे काय, आणि असल्यास ते कोणत्या अटीवर, हा येथील प्रश्न आहे.

प्रथम संगीताकडे पाहणे आवश्यक आहे. बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या वृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० रोजी प्रसिद्ध झाली. तिचा आरंभ पाऊस, मेघगर्जना आणि चर्चच्या घंटेचे टोल यांनी होतो. त्यानंतर गिटारवर जी चाल येते ती मुख्यतः तीन स्वरांची आहे : षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम. षड्ज-तीव्र मध्यमाचे हे अंतर पाश्चात्त्य श्रवणपरंपरेत अस्वस्थतेचे मानले गेले. मराठी रसिकाच्या कानाला तीव्र मध्यम मुळीच परका नाही. यमन ऐकणाऱ्यास तो नित्य परिचयाचा आहे. परंतु यमनात तीव्र मध्यमाला पंचमाकडे जाण्याची वाट मोकळी असते. येथे चाल तीव्र मध्यमावर येऊन थबकते, पंचमाकडे तिची सुटका होत नाही. म्हणजे भयाचा परिणाम त्या स्वरात नसून स्वराला नाकारलेल्या विश्रांतीत आहे, हे भारतीय श्रोत्याला पाश्चात्त्य श्रोत्याहून कदाचित अधिक स्पष्टपणे जाणवू शकते.

बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात लयीचे संवाद, विरोध व समतोल असे तीन नियम सांगितले. उपरोक्त रचनेला ते लावून पाहता येतात. दीर्घकाळ रेंगाळणारी विलंबित चाल आणि अखेरीस एकाएकी येणारी द्रुत गती यांचा विरोध हाच रचनेचा सांगाडा आहे. हलक्या आवाजातील गायन आणि त्यावर कोसळणारा गिटारचा घोष यांच्यातही तोच विरोध आहे. गोंगाटाला असा सांगाडा नसतो. ज्या रचनेत विरोधाची योजना दाखवून देता येते, ती आवडो वा नावडो, कलाकृती म्हणून विचारार्ह ठरते.

या संगीताच्या घडणीमागे लौकिक कारणेही आहेत. गिटारवादक टोनी आयोमी यांची उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यातील अपघातात तुटली. ते डावखुरे असल्याने तारा दाबण्याचा हात तोच होता. त्यांनी बोटांवर टोपणे चढविली, हलक्या तारा वापरल्या, आणि १९७१ च्या तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेत तारा तीन अर्धस्वरांपर्यंत उतरवून सैल केल्या. पुढे ज्याला या संगीताचा जडपणा म्हटले गेले, त्याचा एक उगम कामगाराच्या जखमी हातात आहे. ‘मेटल’ हा शब्द बर्मिंगहॅमच्या बाबतीत केवळ अलंकार नव्हे.

आता चाहत्यांकडे वळता येईल. १९७९ च्या मे महिन्यात लंडनच्या ‘साउंड्स’ या साप्ताहिकात जेफ बार्टन यांनी ‘आयर्न मेडन’, ‘सॅमसन’ आणि ‘एंजल विच’ या तीन वृंदांच्या एका जलशाचा वृत्तांत लिहिला, आणि त्यानिमित्ताने ‘ब्रिटिश हेवी मेटलची नवी लाट’ हे नाव रूढ झाले. परंतु नाव पडण्यापूर्वी लाट उठलेली होती, आणि तिला वळण देणाऱ्यांत श्रोत्यांचा वाटा मोठा होता. उत्तर लंडनमधील एका मद्यगृहात नील के हे तबकड्या वाजवीत. श्रोत्यांच्या फर्माइशींवरून त्यांनी केलेली आवडत्या गीतांची यादी ‘साउंड्स’मध्ये छापली जाई. ‘आयर्न मेडन’ने आपली नमुन्याची ध्वनिफीत त्यांच्याकडे दिली, तेथील श्रोत्यांनी ती उचलून धरली, आणि नोव्हेंबर १९७९ मध्ये त्याच गीतांची तबकडी ५,००० प्रतींत निघून टपालाने विकली गेली. मोठ्या कंपनीचा शिक्का बसण्यापूर्वी श्रोत्यांनी निवड केली होती. आपल्याकडे ‘तानसेन’ होता न आले तरी ‘कानसेन’ व्हावे असे म्हणतात. येथे कानसेनांनीच तानसेन निवडले.

याहून बोधप्रद उदाहरण ‘डायमंड हेड’ या वृंदाचे आहे. स्टूरब्रिजच्या या तरुणांनी १९८० मध्ये आपली पहिली ध्वनिमुद्रिका स्वतःच काढली. तिचे वेष्टन कोरे पांढरे होते. पहिल्या आवृत्तीच्या प्रती सुमारे एक हजार. व्यापारी दृष्ट्या हा वृंद फारसा पुढे गेला नाही. परंतु डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेला लार्स उलरिक नावाचा एक किशोर १९८१ मध्ये केवळ या वृंदाच्या ओढीने इंग्लंडला आला आणि त्यांच्या घरी राहिला. त्याच वर्षी त्याने लॉस एंजेलिसमध्ये ‘मेटालिका’ची स्थापना केली, १९८४ मध्ये त्या वृंदाने ‘डायमंड हेड’चे ‘ॲम आय ईव्हिल?’ हे गीत स्वतः ध्वनिमुद्रित केले; आणि १९९० मध्ये उलरिक व बार्टन यांनी मिळून त्या लाटेतील विस्मृत वृंदांचा एक निवडक संच प्रसिद्ध केला. चाहता, वादक आणि संपादक या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीने पार पाडल्या. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव दप्तरे धुंडाळल्यावाचून मराठ्यांच्या इतिहासाची साधने हाती येती ना. त्या कार्याची थोरवी वेगळी असली तरी विस्मृतातून साधन वर काढण्याची वृत्ती एकच आहे.

तथापि साधन वर काढणे म्हणजे त्याचे मूल्य ठरविणे नव्हे. येथेच या रसिकतेचा मुख्य दोष आढळतो. हजार प्रतींची तबकडी दुर्मिळ असते. दुर्मिळ म्हणून महाग होते. महाग म्हणून मिळविणाऱ्याला प्रतिष्ठा देते. आणि अखेरीस ती प्रतिष्ठाच कलागुण म्हणून सांगितली जाते. ‘हा वृंद फार थोड्यांना ठाऊक आहे’ हे विधान वृंदाविषयी नसून बोलणाऱ्याविषयी आहे. ‘डायमंड हेड’ची ध्वनिमुद्रिका श्रेष्ठ ठरते ती प्रती थोड्या होत्या म्हणून नव्हे. एकाच रचनेत अनेक चाली गुंफून त्यांना उत्तरोत्तर गती देण्याचे जे कौशल्य तिच्यात आहे, ते त्या काळच्या बहुसंख्य समकालीनांत आढळत नाही, म्हणून. त्या लाटेत अशाही कितीतरी तबकड्या निघाल्या, की ज्यांचे विस्मरण अन्यायाचे नव्हते. हा भेद करण्याचे टाळणारा चाहता संग्राहक राहतो, समीक्षक होत नाही.

संग्राहकवृत्तीला शिस्त लागली तर काय घडते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. १९९० मध्ये येथे स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने जुन्या भारतीय तबकड्यांच्या नोंदी, क्रमांक आणि कालनिश्चिती यांकडे लक्ष पुरविले. आपल्या संगीतात अल्लादिया खाँ व भास्करबुवा बखले यांच्यासारख्यांचे गाणे ध्वनिमुद्रित स्वरूपात उपलब्ध नाही; त्यांची कीर्ती शिष्यपरंपरेने आणि आठवणींनी टिकविली. ‘हेवी मेटल’च्या विस्मृत वृंदांना शिष्यपरंपरा नाही. त्यांच्या बाबतीत तबकडी हीच परंपरा. ती हरवली की सारेच हरवले. म्हणून या क्षेत्रात संग्राहकाची जबाबदारी अधिक गंभीर ठरते.

मुंबईचा या संगीताशी संबंध जुना आहे. १९७२ मध्ये ‘लेड झेपलिन’चे जिमी पेज व रॉबर्ट प्लांट यांनी येथील वादकांसह दोन गीते ध्वनिमुद्रित केली, ती अधिकृतपणे प्रसिद्ध व्हावयास २०१५ साल उजाडले. १९८६ पासून ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव येथे सुरू झाला, आणि ‘आयर्न मेडन’ने आपल्या जगप्रवासाचा आरंभ १ फेब्रुवारी २००८ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात केला. पण या प्रसिद्ध घटनांच्या आड एक कमी चर्चिलेला इतिहास आहे. १९७० व १९७१ मध्ये ‘सिमला’ सिगारेटच्या नावाने झालेल्या स्पर्धांतून भारतीय तरुण वृंदांच्या दोन तबकड्या निघाल्या. मुंबईच्या त्या काळच्या वृंदांत ‘व्हेल्व्हेट फॉग’ नावाचा एक वृंद होता. जवळपास याच नावाचा एक वृंद बर्मिंगहॅममध्येही होता, आणि टोनी आयोमी १९६८ मध्ये अल्पकाळ त्यात होते. मुंबईच्या वृंदात गाणारे नंदू भेंडे हे आत्माराम व आशा भेंडे या मराठी रंगभूमीवरील दांपत्याचे पुत्र. पुढे अलेक पदमसींच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्यांनी जुडासची भूमिका केली, आणि १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त ते रंगभूमीवर आले. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले. ‘तीन पैशाचा तमाशा’चा विचार ब्रेख्त आणि लोकनाट्य या दोन अंगांनी करण्याची प्रथा आहे. त्यातील रॉक गायकीचे तिसरे अंग जाणण्यासाठी सत्तरीतील या वृंदांकडे जावे लागते. चाहत्यांचा उत्साह मराठी नाट्यसमीक्षेच्या उपयोगी पडतो तो असा.

मुंबईच्याच ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ची कथा अधिक विचार करावयास लावणारी आहे. त्यांची ‘ऑब्सेशन ’७७’ ही एकमेव ध्वनिमुद्रिका १९८१ मध्ये निघाली. पुढे ती परदेशी संग्राहकांच्या शोधाचा विषय झाली, आणि २०११ मध्ये ‘नाऊ-अगेन’ या अमेरिकन कंपनीने त्या वृंदाचे संगीत पुन्हा प्रकाशात आणले. बर्मिंगहॅम आणि न्यूकॅसलच्या विस्मृत वृंदांची नावे तोंडपाठ असणारे चाहते या शहरात असताना येथल्या वृंदाचे पुनःप्रकाशन सातासमुद्रापलीकडून व्हावे, ही गोष्ट त्या चाहत्यांच्या आवडीला कमीपणा आणत नाही. त्यांच्या दृष्टीची मर्यादा मात्र दाखविते. दूरच्या दुर्मिळाला आपण दुर्मिळ म्हणतो, जवळच्या दुर्मिळाला किरकोळ म्हणतो. नारोशंकराची घंटा आपण जपली, कारण ती जिंकून आणलेली होती.

पाचूबंदरसारख्या वस्तीचे महत्त्व या ठिकाणी लक्षात येते. वसईच्या किनाऱ्यावर चर्चमधील समूहगायन आहे, लग्नातील पितळी वाद्यांचे बँड आहेत, आणि कोळ्यांच्या हळदीत ध्वनिवर्धकातून कडाडणारा बेंजो, म्हणजे विजेवर चढविलेले बुलबुलतरंग, आहे. पाश्चात्त्य स्वरमेळ आणि विजेने तीव्र केलेली तार या दोन्ही गोष्टी या कानांना उपऱ्या नाहीत. तेव्हा असल्या किनाऱ्यावरील तरुणाने ‘आयर्न मेडन’ आपलेसे केले, तर त्याला निव्वळ अनुकरण म्हणणे हे अभ्यासाचा आळस ठरेल. त्याच्या आवडीची पाळेमुळे त्याच्या स्वतःच्या नादविश्वात शोधली पाहिजेत.

सारांश, विस्मृत वृंदांविषयीचा उत्साह ही समीक्षेची पूर्वतयारी आहे, समीक्षा नव्हे. ती समीक्षा व्हावयाची तर चाहत्याने तीन प्रश्नांची उत्तरे दिली पाहिजेत : तबकडीवर नेमके काय आहे, समकालीनांहून त्यात वेगळे काय साधले आहे, आणि ती दुर्मिळ नसती तरी ऐकावीशी वाटली असती काय. विद्यापीठीय अभ्यासकावरही एक कर्तव्य येते. १९७० च्या सुमारास विशीत असलेले वादक आज पंच्याहत्तरीच्या घरात आहेत. त्यांच्या आठवणी, जाहिरातपत्रके, घरगुती ध्वनिफिती यांची नोंद करण्याचा काळ फार उरलेला नाही. ५ जुलै २०२५ रोजी ‘ब्लॅक सॅबथ’ने बर्मिंगहॅममध्ये अखेरचा जलसा केला, आणि अवघ्या सतरा दिवसांनी त्यांचे गायक ऑझी ऑस्बोर्न निवर्तले. त्यांचा इतिहास लिहिणारे अनेक आहेत. मुंबई-वसईच्या वादकांचा इतिहास येथल्याच कोणीतरी, मराठीत, लिहावयास हवा.