परिचित गीत आणि पियानोवादकाचे स्वत्व : ‘ऑटम लीव्हज्’च्या तीन वादनांचा तौलनिक विचार

प्रस्तावना

सर्वपरिचित गीत एखादा वादक वाद्यावर वाजवतो तेव्हा त्यात त्याचे स्वतःचे असे काय असते? चाल संगीतकाराची असते. कवीचे शब्द तर वाद्यावर उमटतच नाहीत. त्यामुळे अशा वादनाचे मूल्यमापन करताना आपल्याकडे सहसा दोनच निकष वापरले जातात. वादन मूळ गाण्याशी हुबेहूब जुळले की नाही, हा पहिला. आणि बोटांची तयारी किती, हा दुसरा. पहिला निकष वादकाला नकलाकार ठरवतो, तर दुसरा कसरतपटू. वादकाचे स्वत्व या दोहोंच्या मधून निसटून जाते. हे स्वत्व नेमके कोठे असते, याचा शोध प्रस्तुत लेखात एकाच गीताच्या तीन पियानोवादनांच्या आधारे घेण्याचा प्रयत्न केला आहे.

गीताची घडण

जोसेफ कॉस्मा या हंगेरीत जन्मलेल्या व फ्रान्समध्ये स्थायिक झालेल्या संगीतकाराची ही चाल. फ्रेंच कवी जाक प्रेव्हेर याचे शब्द लाभून ती १९४६ च्या एका फ्रेंच चित्रपटात आली. पुढे अमेरिकन गीतकार जॉनी मर्सर याने तिला इंग्रजी शब्द दिले आणि ‘ऑटम लीव्हज्’ या नावाने ती जगभर पोहोचली.

चालीची घडण अत्यंत साधी आहे. तीन स्वर पायरीपायरीने वर चढतात आणि त्यांच्याही वरच्या चौथ्या स्वरावर चाल विसावते. हीच आकृती पुन्हा पुन्हा येते. मात्र दर वेळी विसाव्याचा स्वर एका पायरीने खाली उतरलेला असतो. म्हणजे प्रत्येक पाऊल वर पडते आणि एकूण प्रवास मात्र खाली होतो. सोबतचे स्वरसंघातही आधी मेजरच्या उजेडाकडे जातात आणि मग मायनरच्या सावलीत परततात. पानगळीची खिन्नता अशा रीतीने शब्दांवाचूनही चालीतच मुरलेली आहे.

पियानोवादकाची खरी अडचण या विसाव्याच्या स्वरांपाशी सुरू होते. गायक तो स्वर श्वासाच्या बळावर धरून ठेवतो, फुलवतो. पियानोत हातोडी तारेवर आघात करते आणि त्याच क्षणापासून नाद विरत जातो. उमटलेला स्वर वादकाला नंतर वाढवता येत नाही. ओळीत जेथे गायकाचे सर्वस्व असते, तेथे पियानोवादकाच्या हाती केवळ रिकामा होत जाणारा काळ उरतो. या काळाचे तो काय करतो, यातच त्याचे स्वत्व प्रकट होते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

पहिली रीत : सजावट

रॉजर विल्यम्स याचे वाद्यवृंदासह केलेले वादन १९५५ साली अमेरिकेतील लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. विल्यम्सने रिकाम्या जागा उतरत्या स्वरांच्या वेगवान सरींनी भरल्या. पाने गळत आहेत, हे चित्र त्यातून तत्काळ उभे राहते. बोटांची सफाई निर्विवाद आहे आणि त्या वादनाने असंख्य श्रोत्यांना पियानोची गोडी लावली, हेही नाकारता येत नाही.

तथापि, ही सर गीताच्या शीर्षकाचे चित्रण करते. चालीच्या अंतरंगाशी तिचा संबंध अल्प आहे. चालीत पतन आहे ते संथ, पायरीपायरीने होणारे आणि प्रत्येक पायरीवर वर पाहणारे. विल्यम्सची सर ते एका झटक्यात उरकते. शिवाय ही युक्ती वेगळी काढून दाखवता येते आणि म्हणूनच ती कोणालाही उचलता येते. जे वादकापासून असे सहज सुटे होते, त्याला अलंकार म्हणता येईल, शैली म्हणता येणार नाही.

दुसरी रीत : लयीतील अंतर

एरॉल गार्नर (१९२१–१९७७) हा पिट्सबर्गचा वादक स्वरलिपी वाचायला कधी शिकला नाही. १९ सप्टेंबर १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील कार्मेल येथे झालेली त्याची मैफल ‘कॉन्सर्ट बाय द सी’ या नावाने प्रसिद्ध झाली. तीत ‘ऑटम लीव्हज्’चे सहा मिनिटांहून अधिक लांबीचे वादन आहे. सजावट गार्नरकडेही विपुल आहे, क्वचित अतिरेकी वाटावी इतकी. परंतु ती ज्या लयीवर उभी आहे ती लय सर्वस्वी त्याची आहे.

गार्नरच्या ओळखीच्या शैलीत डावा हात गिटारवर आघात करावेत तसे चारही मात्रांवर स्थिर स्वरसंघात देत राहतो. उजवा हात मात्र त्या मात्रांच्या किंचित मागे रेंगाळतो आणि ऐन वेळी त्यांना येऊन मिळतो. ठेका अढळ असावा आणि गायकाने मात्रेला बगल देत देत नेमकी सम गाठावी, हा अनुभव आपल्या श्रोत्यांना नवा नाही. येथे ते नाट्य एकाच माणसाच्या दोन हातांत घडते. जॅझमध्ये ज्याला ‘ग्रूव’ म्हणतात त्याचा शब्दार्थ खोबण असा आहे. लय खोबणीत बसली की श्रोत्याचे शरीर आपोआप डोलू लागते. खोबण स्थिर असते म्हणूनच तिच्यातील सूक्ष्म हालचाल जाणवते. गार्नर रिकामा काळ भरत नाही, तो ताणतो.

तिसरी रीत : संवाद

बिल एव्हन्स याने २८ डिसेंबर १९५९ रोजी बासवादक स्कॉट लाफारो आणि ड्रमवादक पॉल मोशियन यांच्यासह हेच गीत ध्वनिमुद्रित केले. ते ‘पोर्ट्रेट इन जॅझ’ या संग्रहात आहे. चाल एकदा मांडून झाल्यावर येथे अनपेक्षित घडते. सरळ चालणारा ठेका थांबतो आणि पियानो व बास एकमेकांना तुकड्या-तुकड्यांनी प्रश्न-उत्तरे करू लागतात. मात्रा कोणी मोजून दाखवत नाही, तरी ती दोघांच्या मनात चालू असल्याचे जाणवते. नंतर ठेका परततो तेव्हा त्याच्या येण्याला अर्थ प्राप्त झालेला असतो. एव्हन्स रिकामा काळ भरत नाही आणि ताणतही नाही. तो दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. मूळ चाल विस्तारात अदृश्य झाली तरी स्वरसंघातांचा मेजरकडून मायनरकडे जाणारा क्रम कायम राहतो आणि श्रोत्याला गीताची ओळख सुटत नाही.

चिकित्सा

या तुलनेवरून काही बाबी स्पष्ट होतात. पहिली अशी की, ग्रूव म्हणजे जोरकस ठेका नव्हे. आज इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर एक कळ दाबताच तयार ठेका मिळतो. युवक महोत्सवांतील आणि स्नेहसंमेलनांतील वादनांत त्याचा सर्रास वापर होतो. असा ठेका अचूक असतो, पण तो वादकाचे ऐकत नाही. वादकाचा उजवा हातही मग त्याच्याशी काटेकोर जुळवून घेतो आणि ज्या अंतरातून गार्नरचे गार्नरपण जन्मले ते अंतरच नाहीसे होते. मात्र हा दोष यंत्राचा मानणे योग्य होणार नाही. स्थिर ठेक्याच्या मागे-पुढे राहण्याचे शिक्षण दिले जात नाही, हे त्याचे खरे कारण आहे.

दुसरी बाब अशी की, गीताचे परिचित असणे ही वादकाची मर्यादा नसून त्याचे साधन आहे. पुढचा स्वर कोणता हे श्रोत्याला ठाऊक असते, म्हणूनच तो स्वर उशिरा आल्याचे किंवा न आल्याचे त्याला कळते. अपरिचित चालीत हा विलंब जाणवलाच नसता.

समारोप

परिचित गीताच्या वादनातील स्वत्व भर घातलेल्या स्वरांच्या संख्येवर अवलंबून नसते. दोन स्वरांमधील काळाशी वादक कोणते नाते जोडतो, यावर ते अवलंबून असते. गार्नर आणि एव्हन्स यांच्या रीती परस्परविरोधी असूनही दोघांचेही वादन स्वतंत्र ठरते, ते याच कारणाने. हे मान्य केल्यास अशा वादनाचे परीक्षण करताना ‘हुबेहूब’ आणि ‘तयारी’ या दोन निकषांसोबत तिसरा प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते : जेथे गायक स्वर धरून थांबला असता, तेथे या वादकाने काय केले? विद्यार्थी वादकालाही हाच प्रश्न प्रथम विचारला गेला, तर त्याचे लक्ष बोटांच्या वेगाकडून कानाकडे वळेल, असे म्हणता येईल.