कुठे घट्ट, कुठे सैल

कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपला, घराच्या गच्चीवर बांधलेलं सहा आसनी विमान २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात मुंबईत मांडलं होतं. सगळ्यांसारखा मीही ते बाहेरूनच पाहून परतलो. मनात राहिलं ते एकच, आतून कसं असेल? ती हौस फिटली बऱ्याच वर्षांनी, अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या एका गॅरेजमध्ये. तिथे एक निवृत्त गृहस्थ आरव्ही-७ बांधत होते. अ‍ॅल्युमिनियमचं, दोघं शेजारी-शेजारी बसतील एवढं विमान. रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांनी त्याच राज्यात १९७३ साली सुरू केलेली कंपनी त्याच्या सुट्या भागांचा संच विकते. हौशी बांधणीचा परवाना हवा तर निम्म्याहून अधिक काम मात्र हौशी माणसाच्याच हातचं असावं लागतं. माझं नशीब असं की काचेपुढचा वरचा पत्रा अजून जडवलेला नव्हता. एकदा तो बसला की उपकरणांची पाठ दिसायची नाही.

आधी पंख. रिव्हेटचं डोकं वर राहिलं तर वाहती हवा तिथे अडते, म्हणून ते पत्र्याच्या पातळीत बुडवायचं. पण पत्रा मिलिमीटरभरही जाड नाही. डोक्यासाठी त्यात खड्डा कोरला तर भोकाभोवती धातूच उरत नाही. म्हणून कोरायचं नाही, दाबायचं. प्रत्येक भोकाभोवती शंभर अंशांची एक खळी पाडायची, खालच्या फासळीच्या कडेलाही तशीच, की खळीत खळी बसते आणि दोन्ही थर एकमेकांना धरून राहतात. त्याच्याही आधी भोकाची कड हाताने फिरवून गुळगुळीत केलेली असते, कारण तडा सुरू होतो तो कडेवरच्या नखाएवढ्या खरबरीतपणातून. मी बॅटरी घेऊन आतून एक ओळ पाहिली. ठोकून चपटं झालेलं रिव्हेटचं आतलं डोकं दांड्याच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच असावं, असा दंडक आहे. एक कमी ठोका पडला तर ते सैल राहतं, एक जास्त पडला तर चिरडतं. इथे डोक्यामागून डोकं त्याच मापाचं होतं आणि एकही कलंडलेलं नव्हतं. बाहेरून रिव्हेट-गन त्यांनी चालवली होती आणि आतून पोलादी ठोकळा पत्नीने धरला होता. मध्ये पत्रा, एकमेकांचं तोंड दिसत नाही, सगळा हिशोब आवाजावर. दोघांचे कान किती जुळलेले असतील, ते त्या ओळीवरून कळत होतं.

पत्र्यात सगळी करामत घट्ट बसण्याची. तारांपाशी आलं की ती उलटी होते, आणि मला खरी गोडी लागली ती इथे.

घरात आपण तारेचं टोक सोल्डर करून निर्धास्त होतो. विमानात मात्र वितळलेलं सोल्डर तारेच्या बारीक पेडांमध्ये शोषलं जातं आणि तेवढा तुकडा काडीसारखा ताठ होतो. इंजिनाच्या थरथरीत तार तुटते ती नेमकी जिथे ताठपणा संपतो तिथे. म्हणून तारेच्या टोकाला लग, म्हणजे जोडणीची धातूची टोपी, दाबून बसवायचा, तोही दोन ठिकाणी: एक पकड तांब्यावर, दुसरी वरच्या आवरणावर. पहिली वीज नेते, दुसरी थरथर सोसते. उपकरणांच्या जोडणीत ज्या बारीक पिना असतात त्यांच्या नळीला कडेला टाचणीच्या टोकाएवढं छिद्र असतं. तार आत पुरती पोचली असेल तर त्या छिद्रातून तिचे पेड चमकतात. गृहस्थांनी मला भिंग दिलं. बसवायच्या राहिलेल्या सात-आठ पिना होत्या. प्रत्येक छिद्रात ती चमक होती. एवढ्याशा खिडकीतून एखाद्याच्या हाताचा सच्चेपणा दिसावा, याचं मला फार अप्रूप वाटलं.

तारांचे जुडगे प्लास्टिकच्या पट्ट्यांनी नव्हे, मेण लावलेल्या चपट्या दोऱ्याने बांधले होते. कापलेल्या पट्टीचं टोक पुढे दुरुस्ती करणाऱ्याच्या मनगटावर ओरखडे काढतं; दोरा तसं करत नाही. सारख्या अंतरावर एकेक गाठ, जुडग्याला धरणारी पण आवरणात न रुतणारी. पडदीतून तार जाते तिथे रबरी कडं. जोडणीपाशी चढण्याआधी तार मुद्दाम थोडी खाली झोल घेते, म्हणजे ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी ठिबकतं, जोडणीत शिरत नाही. गवयाने न सांगता एखादी जागा घ्यावी तसा तो झोल.

अर्थिंगमधलं कौशल्य मला दाखवल्याशिवाय कळलं नसतं. विमानाचं अंगच धातूचं, तेव्हा हेडफोनच्या सॉकेटचं अर्थिंग जवळच्या पत्र्याला मिळालं तर बिघडलं कुठे? बिघडतं. त्याच पत्र्यातून इतर प्रवाहही परतत असतात, आणि अल्टरनेटरची किरकिर कानात येते. म्हणून त्या सॉकेटला दोन्ही बाजूंनी फायबरचे वॉशर लावून पत्र्यापासून अलग ठेवलं होतं. त्याचं अर्थिंग स्वतंत्र तारेने थेट ऑडिओच्या उपकरणापाशीच जात होतं. पैशाएवढ्या त्या दोन तपकिरी चकत्यांवर आकाशातली शांतता उभी होती.

निघता निघता मी विचारलं, उपकरणांच्या पडद्यामागे (स्क्रीनमागे) प्रत्येक तार वीतभर जास्तीची का ठेवलीत? त्यांनी उत्तर दिलं नाही. समोरचे स्क्रू सोडवले आणि अख्खा पडदा ओढून मांडीवर घेतला. तारा सोबत आल्या, एकही ताणली नाही. मागच्या जोडण्या मला दाखवून झाल्यावर त्यांनी तो परत आत सरकवला, आणि तारा आपल्या जुन्या घडीवर जाऊन बसल्या.