योगायोगांची कथा आणि पुराचा विमा

रिचर्ड राइट या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखकाच्या ‘डाउन बाय द रिव्हरसाइड’ या दीर्घकथेवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. तीत योगायोग फार आहेत, म्हणून ती अतिरंजित वाटते. १९३८ साली ‘अंकल टॉम्स चिल्ड्रेन’ या संग्रहात ही कथा आली. दलित कथेवरचा भडकपणाचा आरोप ऐकत आलेल्या आपल्या वाचकांना हा सूर ओळखीचा वाटेल. हा आक्षेप तपासताना कलामूल्यांच्या चर्चेपेक्षा विम्याच्या गणिताचा उपयोग अधिक होतो, असे माझे मत आहे.

कथा अशी. मिसिसिपीच्या पुराने वेढलेल्या घरात मान हा काळा शेतकरी आहे. त्याची बायको लुलू चार दिवसांपासून अडलेली आहे. सरकारी नाव आली होती तेव्हा तो गेला नाही. पाणी उतरेल या आशेवर राहिला. आता नाव घेण्यासाठी खेचर विकावयास धाडले, तर खेचराचे नाममात्र पैसे आले आणि विकत नाव मिळालीच नाही. आली ती चोरीची, हार्टफील्ड या गोऱ्या पोस्टमास्तरची. अंधारात वल्हवताना मान वाट चुकतो आणि मदतीसाठी हाक मारतो ती नेमकी हार्टफील्डच्याच दाराशी. तो नाव ओळखतो, गोळ्या झाडतो. मानच्या गोळीने मरतो. दवाखाना गाठेपर्यंत लुलू गेलेली असते. मानला लगेच बांधावर कामाला जुंपतात. बांध फुटल्यावर लोकांना सोडवावयास पाठवतात, तेही हार्टफील्डच्याच घरी. मुलगा त्याला ओळखतो. मान कुऱ्हाड उगारतो खरा, पण अखेर त्या कुटुंबाला वाचवूनच आणतो. पुढे त्याच मुलाच्या सांगण्यावरून सैनिक त्याला धरतात.

एवढे योगायोग? परंतु ज्याच्यापाशी दुसरी नाव, दुसरी वाट, दुसरा दवाखाना आहे त्याच्याच आयुष्यात घटना सुट्या सुट्या घडतात. मानपाशी दुसरे काहीच नाही. म्हणून एक घटना दुसरीला ओढून आणते. नाव गोऱ्याचीच असणार, दिवा गोऱ्याच्याच माडीत असणार, दवाखान्याच्या दारात बंदूकवाला गोराच असणार. सुखवस्तू समीक्षकाला जो योगायोग दिसतो तो खरे तर पर्यायांचा अभाव आहे. आणि विमा म्हणजे तरी काय? संकट येण्यापूर्वीच करून ठेवलेली दुसऱ्या नावेची सोय!

राइटने हे हवेतून आणलेले नाही. २१ एप्रिल १९२७ रोजी माउंड्स लँडिंग येथे मिसिसिपीचा बांध फुटला आणि वॉशिंग्टन काउंटीतील ग्रीनव्हिल पाण्याखाली गेले. (काउंटी म्हणजे आपल्या तालुका-जिल्ह्यासारखा कारभाराचा विभाग.) सुमारे १३,००० माणसे, बहुतेक काळी, बांधाच्या माथ्यावर अडकली. त्यांना न्यायला आगबोटी आल्या होत्या. पण मजूर एकदा गेले की परतणार नाहीत, मग कापूस कोण वेचणार, ही मळेवाल्यांची भीती. मूठभर गोऱ्या बायकामुलांना घेऊन बोटी गेल्या. काळे मागे राहिले आणि नॅशनल गार्डच्या पहाऱ्यात, अंगावर चिठ्ठ्या बाळगत राबले. मानची बांधावरची रात्र ही अशी आहे.

या पुरानंतर अमेरिकेतील खाजगी कंपन्यांनी पुराचा विमा देणे जवळजवळ बंद केले. आग एका घराला लागते; शंभर घरांचे हप्ते तिची भरपाई करू शकतात. पूर शंभर घरे एकाच रात्री बुडवतो. शिवाय विमा मागायला नदीकाठचाच येतो, टेकडीवरचा कशाला येईल? अखेर १९६८ साली सरकारनेच राष्ट्रीय पूरविमा योजना काढली. काउंटीने वा गावाने पूरक्षेत्रातील बांधकामाचे नियम स्वीकारले असतील तरच तेथील रहिवाशाला ही पॉलिसी मिळते. नेहमीच्या घरविम्यात पूर धरलेला नसतो. पूरविमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो साधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो. पाणी दिसू लागल्यावर धावाधाव करून उपयोग नाही. नकाशावरचा ‘शंभर वर्षांचा पूर’ हा शब्दप्रयोग तर फसवाच आहे. त्याचा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता, म्हणजे तीस वर्षांत निदान एकदा पूर येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के. शंभरातून एकदा म्हटले की कालचा पूर पाहिलेला माणूस निर्धास्त होतो.

आणि रक्षण कशाचे? घराच्या इमारतीला कमाल अडीच लाख डॉलर, सामानाला एक लाख. भाडेकरूलाही सामानाचा विमा घेता येतो, हे मान्य. बुडालेल्या मजुरीला मात्र तेथे जागा नाही. १९७३ च्या कायद्याने पूरक्षेत्रातील घरावर बँकेचे कर्ज असेल तर विमा सक्तीचा केला. ज्याला बँक दारात उभे करीत नाही त्याला सक्ती नाही. त्याने हप्ता स्वतःहून भरावा, पोटाला चिमटा घेऊन. दक्षिणेत कित्येक काळ्या कुटुंबांची जमीन मृत्युपत्राविना वारसांकडे आलेली आहे. नावावर कागद नाही म्हणून २००५ च्या कॅटरिना वादळानंतर अनेकांना सरकारी मदत नाकारली गेली. मालकीचे स्वतःचे निवेदन चालेल, असा बदल होण्यास २०२१ साल उजाडावे लागले.

कागदाची ही सत्ता आपल्याला परकी नाही. २०१९ साली कृष्णा-पंचगंगेच्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडची गावे बुडाली. आपला पीकविमा पिकाला आहे. ते पीक कापणाऱ्या मजुराच्या बुडालेल्या हजेरीला नाही. नकाशावरची निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदाच्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाच्या. वस्तीला गावाच्या खालच्या अंगाला कोणी ढकलले, हे दाखविणारी रेषा कोणत्याही रंगात काढलेली नाही.

आता मानच्या पहिल्या ‘चुकी’कडे पाहावे. तो सरकारी नावेने गेला नाही म्हणून त्याला अडाणी, चंचल ठरवणे सोपे आहे. परंतु जनावर, बियाणे, पुढची पेरणी हीच ज्याची सगळी ठेव, तो घर सोडतो तेव्हा केवळ घर सोडत नाही. खेचर हाच त्याचा विमा होता. तो मोडावा लागला पुराच्या भर गर्दीत, म्हणजे जेव्हा भाव अगदी पडलेला असतो तेव्हा. हे अर्थशास्त्र राइटने एका ओळीचेही व्याख्यान न देता कथेत बसवले आहे. प्रचारकी म्हणून हिणवल्या जाणाऱ्या लेखनात असा संयम कितीदा आढळतो, हे आपल्या प्राध्यापक मित्रांनी एकदा पाहावे.

राइटविषयी माझी तक्रार निराळी आहे. लुलू या कथेत कण्हण्यापलीकडे फारशी येत नाही. धोक्याचे सगळे थर तिच्या देहावर साचलेले आहेत: काळी, गरीब, बाई, त्यात बाळंतीण. तरी ती नावेतले ओझे म्हणून वाहिली जाते आणि दवाखान्यात प्रेत म्हणून उतरवली जाते. मानच्या बांधावरच्या रात्रीसाठी राइटपाशी पाने होती. तिच्या चार दिवसांसाठी ती नव्हती.