‘नानूक’मधील घर आणि उष्णतेचा हिशेब

रॉबर्ट फ्लॅहर्टीचा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ (१९२२) हा मूकपट आरंभीच्या पूर्ण लांबीच्या माहितीपटांत गणला जातो. कॅनडाच्या ईशान्य भागातील इनुइट लोकांचे जीवन हा त्याचा विषय. त्यातील हिमगृह बांधण्याचा प्रसंग वारंवार वाखाणला गेला आहे, आणि तो वाखाणण्याजोगा आहेही. खिडकीसाठी बसविलेला पारदर्शक हिमखंड आणि उजेड आत वळविण्यासाठी त्याच्या कडेला उभा केलेला बर्फाचा ठोकळा हा भाग कामाकडे बारकाईने पाहणाऱ्याचा आहे. घराच्या आत शिरताच मात्र हे पाहणे फसते. खऱ्या हिमगृहात चित्रणापुरता उजेड नव्हता; म्हणून मोठे घर रचून त्याचा अर्धा भाग काढून टाकण्यात आला. पडद्यावर उबेत झोपणारे कुटुंब प्रत्यक्षात उघड्यावर होते.

या बनावाची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु जे काढले गेले तेच घराचे मर्म होते, याची दखल क्वचितच घेतली जाते. हिमगृहाचे प्रवेशद्वार खाली आणि झोपण्याचा ओटा वर असतो. त्यामुळे थंड हवा खाली साचते व उबदार हवा माणसांपाशी राहते. आतून कातड्यांचे अस्तर, सीलच्या चरबीवर जळणारा ‘कुल्लिक’ हा दगडी दिवा आणि माथ्यावर हवा जाण्यापुरते लहानसे छिद्र. उष्णता राखणे आणि हवा सोडणे हा तेथे एकच निर्णय होता.

मराठी शालेय भूगोलाने ‘इग्लू’ म्हणजे बर्फाचे घर असे शिकविले. इनुइट भाषेत तो शब्द कोणत्याही घरास लागू पडतो. चित्रण झाले त्या इनुक्जुआक परिसराच्या बोलीत ‘ग्ल’चा ‘ल्ल’ होऊन ‘इल्लू’ असा उच्चार होतो (‘सप्त’चे प्राकृतात ‘सत्त’ व्हावे तसा), आणि हिमगृहास ‘इल्लुविगाक’ असा निराळा शब्द आहे. अर्थसंकोच झाला तो परभाषांत. त्यामुळे आजचे लाकडी, तेलावर तापणारे ‘इल्लू’ बाहेरच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर येतच नाही.

ते यावयास हवे. क्वेबेकच्या उत्तरेकडील नूनाविक प्रदेशातील चौदा गावांस दक्षिणेशी जोडणारा रस्ता नाही. तेल जहाजाने, बर्फ वितळल्यावर येते. घरे बहुतांशी सार्वजनिक मालकीची आणि दाटीची. अशा घरांच्या ऊर्जासुधारणेसाठी भिंती भरा, फटी बुजवा, हे दक्षिणेकडील सूत्र जसेच्या तसे लावले, तर दाटीतल्या श्वासांचा व स्वयंपाकाचा ओलावा आतच कोंडतो. शेजारच्या नूनावूतमध्ये बाहेर जाणाऱ्या हवेतील उष्णता परत मिळविणारी वायुवीजनयंत्रे घरांत बसवून पाहण्यात आली. तेथे लहान मुलांच्या छातीतील घरघर कमी झाल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. फ्लॅहर्टीने घर उघडे केले, सूत्रवादी ते कोंडतात. छिद्राचे कारण दोघांच्याही ध्यानात येत नाही.

इनुक्जुआक येथेच २०२३ मध्ये इनाविक जलविद्युत्-प्रकल्प सुरू झाला. त्याची क्षमता ७.५ मेगावॉट असून त्यात पितुविक या स्थानिक इनुइट भूधारक संस्थेचा निम्मा वाटा आहे. घरांचे तापन तेलावरून विजेवर नेण्याचे काम त्याच्याशी जोडलेले आहे, आणि तेलाच्या भट्ट्या पूरक म्हणून ठेवल्या आहेत. बचत कोणाच्या खात्यात जमा होते, हा एरवी टाळला जाणारा प्रश्न येथे निदान करारात उतरला आहे.